भागरताच्या जाळ्याले पाणी

विमानात बसून आल्यापासून गावातले लोक मले एकच विचारतात, "बुढाजी, वरतं जेवाले काय देल्लं?" तलावाच्या पारेवर बसलो की हेच, अड्याळच्या बाजारात गेलो की हेच. मी सांगतो, आठवत नाही. त्यायले वाटते, बुढ्याले माज आला. माज नाही बाप्पा, खरंच आठवत नाही. काहून आठवत नाही ते एकदाचं लिहून टाकतो. मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर वाकडं आहे, पण जे झालं ते सरळ सांगतो.

शहराचं नाव लिहिणार नाही. दक्षिणेकडचं मोठं शहर, एवढं पुरे. तिथं एका बाईची नोकरी आहे अन् ती माझ्यामुळं जायले नको.

गाव

आम्ही ढिवर. तलावातले मासे अन् शिंगाडे यावर माझ्या बापाचं आयुष्य गेलं, माझंही गेलं. माझी बायको भागरता मागच्या हिवाळ्यात वारली. दम्यानं गेली. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिलं तर कागद पुरणार नाही. तिच्या हाताच्या जाळ्याची गोष्ट तेवढी सांगतो, कारण त्याच्यापायीच मी एवढ्या दूर गेलो.

काही वर्षांमागं शहरातून बाया आल्या होत्या. परदेशात कुठं तरी साऱ्या दुनियेची जत्रा भरते म्हणे. हरेक देश आपापलं घर मांडतो अन् आपली चीजवस्तू दाखवतो. आपल्या देशाच्या घरात पाण्याची गोष्ट दाखवायची होती, म्हणून त्यायले जुन्या चालीचं, सुताचं, हातानं विणलेलं जाळं पाहिजे होतं. आता सारे नायलॉनचं तयार जाळं आणतात. सुताचं मोठं जाळं विणायचा धीर आमच्या गावात भागरतालेच होता. पूर्ण पावसाळा ती घरापुढच्या सपरीत बसून विणत होती. सूत आधी झाडाच्या सालीत उकळून लाल केलं, मग बांबूच्या सुईनं गाठ, गाठीवर गाठ. काठाले शिशाच्या गोळ्या. मी बाजूनं गेलो तर म्हणायची, "पाय सांभाळून जा, वलांडू नका."

आमच्यात नवीन जाळं असंच घराबाहेर देत नाहीत. जिनं विणलं ती बाई कमरेइतक्या पाण्यात उतरते, जाळं उघडून तलावात बुडवते, काठाच्या एका गोळीले हळद लावते. तिथं ते काम पुरं होते. तोपर्यंत ते जाळं नाही, नुसतं सूत. विणणारी नसली तर तिची लेक लावते.

पण गाडी आली ती सकाळीच, सांगितल्याच्या आधी. भागरता हळदीची वाटी घेऊन पारेवर जायले निघाली होती. गाडीसोबतचा माणूस म्हणाला, "ओलं नाही चालत मावशी, पेटीत बुरशी लागेल." कोरडंच गुंडाळलं, पेटीत घातलं, खिळे ठोकले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ही वाटी घेऊन उभीच.

मग तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. भाकर थापता थापता म्हणायची, "माहं जाळं समुद्रापार गेलं अन् पाण्याले नाई लागलं."

मी म्हणायचो, "अव, समुद्रावरून गेलं तं पाणी पाह्यलंच असन."

"वरतून पाहून काय होते जी? तुमी वरतून भात पाहून जेवता का?"

शेवटच्या दिवसांत बोलवत नव्हतं तरी एकदा हात धरून म्हणाली, "ते एक काम राह्यलं." मी म्हटलं, "करतो." कसं करतो, ते मलेच माहीत नव्हतं. जत्रा कधीची उठली होती अन् जाळं कोठं आहे हे कोणालेच ठाऊक नव्हतं.

ती गेल्यावर फोन आला. माझी लेक मंदा लाखनीले दिली आहे, हायवेवर तिचं चहा-नाश्त्याचं दुकान आहे. जाळं ज्याच्यातर्फे गेलं त्या गावच्या बायांच्या बचत गटाकडं तिचाच नंबर होता. फोनवर रेवती नावाच्या मॅडम. जत्रेतलं सामान परत आलं, गोदामात पेट्यांमध्ये पडलं होतं, फेकायची पाळी आली होती. मग त्यांच्या विमानतळानं ते मागून घेतलं. आता भागरताचं जाळं तिथं टांगलं आहे, पाटीवर विणणारीचं नाव टाकायचं आहे, पूर्ण नाव सांगा. मंदानं नाव सांगितलं. अन् आई नाही राहिली, हेही सांगितलं.  तवा मॅडम म्हणाल्या, पाहायले या.

मंदा मले म्हणाली, "बाबा, ते तपासणीच्या पल्याड हाय. विमानाचं तिकीट असन तंच आत सोडतात."

"प्लॅटफॉर्म तिकीट काढू ना!"

"तसं नाई रायत तिथं. आपण जाताना रेल्वेनं जाऊ अन् येताना विमानानं येऊ. आईचं जाळं पाह्याचं तं तेवढं कराच लागन."

निघायच्या दिवशी पहाटे मी तलावावर गेलो. जिथं भागरता जाळी बुडवायची त्याच घाटावरून एका बाटलीत पाणी भरलं अन् पिशवीत धोतराच्या खाली ठेवलं. मंदाले सांगितलं नाही. तिनं मले वेड्यात काढलं असतं.

रेल्वे

नागपूरवरून दक्षिणेची गाडी. मंदानं तांदळाच्या रोट्या अन् सुक्या झिंग्यांची चटणी घेतली होती. डबा उघडला अन् समोरच्या बाकावरची बाई नाकाले पदर लावून खिडकीकडं वळली. मी म्हटलं, "खिडकी उघडा जी, वास आहे, जहर नाही." मंदानं मले कोपर मारलं. त्या बाईच्या नवऱ्यानं मात्र थोड्या वेळानं विचारलं, "काका, जरा चाखायले मिळेल का?" त्यानं रोटीवर चटणी घेतली, डोळ्यात पाणी आलं, पुन्हा मागितली. बायको त्याच्याकडं पाहत होती जसं काही तो जातीबाहेर गेला.

खिडकीतून आमची धानाची बांधी सरली, मग काळी माती अन् कापूस. संध्याकाळ होता होता लाल जमीन लागली. तिथं मोठाले गोल दगड एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात. कोणी रचले नाहीत, तसेच आहेत म्हणे. मधात एक मोठा तलाव गेला. काठावर डोंगा नाही, माणूस नाही, बगळेच बगळे. एवढं पाणी अन् कोणी जाळं टाकून नाही राहिलं. मी वळून म्हटलं, "पाह्य व, किती पाणी..." बाजूले मंदा झोपली होती. भागरता असल्यासारखं बोलायची सवय गेली नाही अजून. जाईल असं वाटत नाही.

ते शहर

सकाळी उतरलो. लॉजच्या खाली खानावळ होती. तिथं केळीच्या पानावर जेवण. पानावर पाणी शिंपडून हातानं पुसायचं असते, मले माहीत नव्हतं, मी पाणी पिऊन टाकलं. वाढणारा हसला, पुन्हा देऊन गेला. भात पांढरा, मोकळा, आमच्या तांदळाहून जाडा. त्याच्यावर आंबट पातळ, मग अजून आंबट पातळ, शेवटी दही. आमच्याकडं भातासोबत मासोळी नाही तर निदान वांग्याची भाजी. इथं भात तोच, पण प्रत्येक वेळी कालवण वेगळं. वाईट नव्हतं. घरी मी स्वतः रांधतो तेव्हा मीठ टाकायचं राहून जाते, त्याच्याहून कितीतरी बरं.

कॉफी आली वाटीत ठेवलेल्या पेल्यात. मी पेला उचलून फुंकर घालायले लागलो.

"बाबा, फुकू नोका! पेल्यातून वाटीत वता, वाटीतून पेल्यात. तो पाहा, कसा करते."

"चहा पिऊन राह्यलो का सर्कस करून राह्यलो?"

"कॉफी हाय ते."

दोनदा ओतलं. तिसऱ्यांदा धोतरावर. मंदा इतकी हसली की तिले ठसका लागला. आई गेल्यापासून तिले असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मले बरं वाटलं, धोतर खराब झालं तरी.

विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. रात्री मी दोनदा पिशवीत हात घालून बाटली पाहिली. झाकण घट्ट होतं.

विमानतळ

विमानतळ म्हणजे आमच्या तालुक्याचा सारा बाजार एका छताखाली, पण चिखल नाही अन् कोणी ओरडत नाही. सारे आपापल्या फोनमध्ये मान घालून चालतात. सरकत्या जिन्यावर मी पाय टाकला अन् मागं घेतला, टाकला अन् मागं घेतला. मागच्या लोकांची रांग लागली. मंदानं शेवटी बैलाले गाडीत जुंपावं तसं मागून लोटलं.

तपासणीत पिशवी मशीनच्या आत गेली अन् थांबली. जवानानं ती बाजूले घेतली, धोतर काढलं, बाटली वर धरली. पाणी जरासं हिरवट दिसत होतं. बुडाशी थोडा गाळ बसला होता.

"बाबा, ये क्या है?"

"पाणी हाय जी."

मंदानं कपाळाले हात लावला. "बाबा! हे कवा घेतलं तुमी?"

जवान मनानं चांगला दिसत होता. हळू आवाजात म्हणाला, "गंगाजल है क्या?"

हो म्हटलं असतं तर तिथंच सुटलो असतो. पण मेलेल्या बाईच्या कामात खोटं कायले बोलायचं? मी म्हटलं, "नाही जी. हमारे गांव के तलाव का है. म्हशी धुतात त्यात."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यानं बाटली उजेडात फिरवली. "तो इसको लेके क्यों जा रहे हो?"

"बायकोचं काम हाय."

"पीकर दिखाओ."

मंदा म्हणाली, "साब, उनका पेट बिघड जाएगा, फेक दो ना!"

"तू चूप बस," मी म्हटलं. बाटली घेतली, झाकण उघडलं अन् मोठा घोट घेतला. सत्तर वर्षं तेच पाणी पिलो आहे, एका घोटानं काय होते? मागं रांगेत एक सूटबूटवाला होता, तो तोंड दाबून बाजूले झाला. जवान माझ्याकडं पाहत राहिला. मी पडत नाही हे पाहून त्यानं झाकण स्वतः लावून दिलं. "जाओ बाबा," म्हणाला. "और मत पीना."

पुढं गेल्यावर मंदानं मले चांगलंच झापलं. "आईपायी तुमी एक दिवस जेलात जाल."  बाटली राहिली होती.

आत एक लांबच लांब दालन. तिथं त्या जत्रेतलं सामान ठेवलं आहे. कुठल्या तरी समुद्रकाठची लाकडी होडी. मातीच्या घड्यांची भिंत. पितळेच्या घंटा, ज्या वाजवायच्या नाहीत असं लिहिलं आहे. पोरं तरी वाजवतातच. जत्रा उठल्यावर ज्या वस्तूंचं काही काम राहत नाही त्या इथं येऊन बसल्या आहेत, म्हाताऱ्या माणसायले लेकीच्या घरी आणून ठेवावं तशा. रोज हजार लोक बाजूनं जातात, त्यातले थोडे थांबतात, बघतात. गोदामात खिळे ठोकलेल्या पेटीपेक्षा हे चांगलंच, ते मी कबूल करतो.

अन् मधोमध, वर, भागरताचं जाळं.

ते फेकल्यासारखं टांगलं आहे. माणूस डोंग्यावरून जाळं फेकतो तेव्हा पाण्यावर पडायच्या आधी ते हवेत पूर्ण गोल उघडते ना, अगदी तसं. खाली जमिनीवर निळ्या दिव्यांचं पाणी हलते. पाहून माझ्या हातातली पिशवी गळली. इतकं सुंदर कोणी टांगलं असन असं मले वाटलं नव्हतं. पण मी पाहत राहिलो अन् मले बेचैन व्हायले लागलं. फेकलेलं जाळं पडते, म्हणून ते जाळं. हे पडतच नव्हतं. जेव्हा पाहावं तेव्हा पाण्याच्या वर.

पाटीवर तीन भाषांत लिहिलं होतं. मी हिंदीतलं बोट ठेवून वाचलं. भागरताचं नाव, खाली जिल्हा भंडारा. मंदानं पाटीचा फोटो काढला, मग तोंड फिरवून उभी राहिली.

रेवती मॅडम आल्या. पोरगीच म्हणा, मंदाहून लहान. हात जोडून हिंदीत म्हणाल्या, "बाबूजी, बहुत लोग रुककर देखते हैं. सबसे ज़्यादा इसी को."

मी सरळ विषयाले हात घातला. बाटली काढली, सांगितलं, याच्या काठाले एवढं पाणी लावायचं आहे.

त्या गडबडल्या. "नहीं बाबूजी, पानी नहीं लगा सकते. सूत ख़राब हो जाएगा."

"पाण्यानं जाळं खराब होते, हे मी आता दुसऱ्या खेपेस ऐकून राह्यलो."

"अब ये जाल नहीं है ना. ये प्रदर्शनी की चीज़ है. इसकी जाँच होती है. कुछ हुआ तो मुझसे पूछेंगे, और इसको वापस गोदाम भेज देंगे."

खरं बोलत होत्या. मले राग आला, पण कोणावर काढू? तिच्या पोटावर पाय देऊन मले भागरताचं काम करायचं नव्हतं. मी म्हटलं, "राहू द्या मग," अन् बाकड्यावर जाऊन बसलो. बाटली मांडीवर. आमचं विमान कोणत्या दारातून आहे ते वरच्या भोंग्यातून सांगत होते. एवढ्या दूर येऊन मी पाण्याची बाटली परत नेणार होतो. पारेवर गेल्यावर भागरताले काय सांगू?

मॅडम गेल्या नाहीत. माझ्या बाजूले बसल्या. "वो क्या करती थीं? बताइए."

मले हिंदीत सारं जमलं नाही, अर्धं मंदानं सांगितलं. पारेवरची वाटी, कोरडी पेटी, शेवटच्या दिवसांत धरलेला हात. सांगता सांगता मंदा रडायले लागली. त्या ऐकत होत्या अन् वर जाळ्याकडं पाहत होत्या. मग विचारलं, "पूरा भिगोना पड़ता है?"

"तलावात असतं तं पूरा. इथं एक गोळी बी चालन."

त्या उठल्या. खांबावरचं छोटं कुलूप उघडून एक बटन दाबलं. धूळ झटकायले ते जाळं आठवड्यातून एकदा खाली घेतात, त्याची वेळ दुसरीच होती. कुरकुर करत जाळं खाली यायले लागलं. काठाच्या गोळ्या माझ्या छातीपर्यंत आल्या. मॅडमनी फोन कानाले लावला, भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या अन् मोठ्यानं बोलायले लागल्या. त्यायच्या फोनची घंटी वाजली नव्हती.

मी झाकण उघडलं. हात पुढं केला अन् थांबलो. मग बाटली मंदाले दिली.

"तू लाव. तुह्या मायचं काम हाय."

तिनं डोळे पुसले. पर्स उघडली अन् आतून कागदाची एक पुडी काढली. हळद. घरूनच आणली होती. मी तिले पाण्याचं सांगितलं नव्हतं अन् तिनं मले हळदीचं. "जवानाले हे नाई दिसलं व?" मी म्हटलं. रडता रडता हसली. "मी तुमच्यावानी बोलत नाई बसली."

तिनं ओंजळीत पाणी घेतलं, काठाची एक गोळी अन् तिच्या वरचं वीतभर सूत ओंजळीत बुडवलं, धरून ठेवलं. मग गोळीच्या आतल्या बाजूले, कोणाले दिसणार नाही तिथं, हळदीचं बोट लावलं. लाल सूत काळं पडलं. दोन थेंब खाली त्या निळ्या उजेडात पडले.

आतापर्यंत त्या जाळ्याले काहीच वास नव्हता. ओलं झालं अन् वास आला. साल, सूत, तलाव. आमच्या सपरीचा वास.

जाळं पुन्हा वर गेलं. मॅडमनी फोन खाली केला, जमिनीवरचे थेंब आपल्या रुमालानं पुसले अन् म्हणाल्या, "आपकी फ्लाइट छूट जाएगी."

वर

विमानात मले खिडकी दिली होती.  खाली ढग होते, कापूस पिंजून टाकल्यासारखे, त्याच्या खाली काय आहे ते दिसत नव्हतं. मंदा माझ्या बाजूले लगेच झोपून गेली. एक पोरगी गाडी ढकलत आली, सगळ्यायले ओले कागद देत होती, हात पुसायले. मी मंदाच्या वाटचा कागद घेतला नाही.

"उनको बाद में दे दूँ?" तिनं विचारलं.

"नोको," मी म्हटलं. "हात पुसायचा नाई तिले."

मग तिनं काही तरी ताटात आणून ठेवलं. मी ते खाल्लंही असेल. मंदाचा हात माझ्या हातावर पडला होता अन् त्या हाताले ओल्या जाळ्याचा वास येत होता. नागपूर येईपर्यंत मी दुसरं काही पाहिलं नाही. आता विचारा, जेवाले काय देल्लं.